धावण्याआधी पेनकिलर? जरा थांबा

पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावे लागते. एकेका गुणासाठी आपली मुलं-मुली महिनोन्महिने पहाटे घाम गाळतात. नडगी ठणकते, गुडघा सुजतो. मग कोणीतरी सांगते, "पळायच्या आधी एक पेनकिलर घे, काही होत नाही." वस्त्यांत काम करताना आम्ही हे वारंवार ऐकतो.

डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, अ‍ॅसिक्लोफिनॅक ही सूज उतरवणारी औषधे आहेत. त्यांचा उपयोग खरा आहे. घोटा मुरगळला तर डॉक्टरांना विचारून दोन-चार दिवस जेवणानंतर घेतल्यास आराम पडतो. किरकोळ मुका मार असेल तर डायक्लोफिनॅकचे मलमही पुरते.

पण या गोळीने वेग वाढत नाही. शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये तयार होतात. तीच दुखणे-सूज आणतात, आणि तीच जठराचे अस्तर व किडनीचा रक्तपुरवठाही जपतात. गोळी त्यांना सरसकट अडवते. घामाने अंगातले पाणी कमी झाले की किडनीला त्यांची जास्तच गरज असते. ८० किलोमीटर पळणाऱ्या ८९ धावपटूंचा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. आयब्युप्रोफेन घेतलेल्यांत शंभरात ५२ जणांच्या किडनीला इजा दिसली. औषध नसलेली गोळी घेतलेल्यांत ३४. आपली मुलं तेवढे पळत नाहीत हे खरे. पण रोज, उपाशीपोटी, पाणी न पिता गोळी घेणे धोक्याचेच.

दुसरा धोका वेगळाच. दुखणे दबते, पण नडगीच्या हाडाला पडलेली बारीक चीर तशीच राहते. तिच्यावर पळत राहिले तर हाड मोडते आणि भरतीची संधी जाते.

म्हणून लक्षात ठेवा :

- दुखू नये म्हणून आधीच गोळी घेऊ नका.
- दोन वेगळ्या पट्ट्यांत एकच औषध असू शकते, नावे वाचा.
- दमा, अल्सर, किडनीचा आजार, गरोदरपण असेल किंवा डेंग्यूची शंका असेल, तर ही गोळी स्वतःहून नकोच.
- काळी शौच, रक्ताची उलटी, लघवी कमी होणे, चेहऱ्यावर किंवा पायांवर सूज दिसली तर त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा.

एकाच जागी आठवडाभर दुखत असेल तर पळणे थांबवा आणि हाड तपासून घ्या. आठ दिवसांची विश्रांती परवडते. मोडलेले हाड परवडत नाही.