रुग्णाचा प्रहर

अल्झायमर झालेली वृद्ध व्यक्ती ओळखीचे गाणे कानी पडताच मान वर करते, ओठ हलवू लागते आणि क्षणभर पूर्वीसारखी दिसू लागते, अशा चित्रफिती समाजमाध्यमांतून सतत फिरत असतात आणि त्यांखाली बहुधा संगीताने स्मृती परत आणल्याचे लिहिलेले असते. वैद्यकीय पुराव्यांची छाननी करणाऱ्या कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०२५ मध्ये या विषयावरील आपला आढावा अद्ययावत केला. ३० अभ्यास आणि १,७२० सहभागी विचारात घेऊन त्यात काढलेला निष्कर्ष मात्र बराच संयत आहे. किमान पाच सत्रांच्या संगीतोपचाराने, म्हणजे ठरावीक हेतूने योजलेल्या गायन, वादन किंवा श्रवणाने, रुग्णाचे नैराश्य बहुधा थोडे कमी होते आणि वर्तनाच्या एकूण तक्रारींनाही काहीसा उतार पडू शकतो. स्मरणशक्ती सुधारते, असे त्यातून दिसत नाही.

स्मृतिभ्रंश हा एक आजार नसून स्मरण, भाषा आणि निर्णयशक्ती हळूहळू ढासळत नेणाऱ्या अनेक विकारांचा समूह आहे आणि अल्झायमर हा त्यांतला सर्वाधिक आढळणारा. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय स्तरावरील अभ्यासानुसार भारतात साठ वर्षांवरील ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे, आणि त्यांची देखभाल मुख्यतः घरातच पत्नी, मुलगी किंवा सून करीत असते. त्यामुळे संगीत मेंदूत काय करते या प्रश्नाइतकाच, ते घरात कोणी, केव्हा आणि कशासाठी वापरावे हा प्रश्नही महत्त्वाचा ठरतो.

गाणे इतके टिकते तरी कसे, याचे एक लक्षणीय उदाहरण कॅनडातील मानसशास्त्रज्ञ लोला कडी आणि त्यांच्या सहकारी जॅकलिन डफिन यांनी २००५ मध्ये नोंदवले. बोधक्षमतेच्या ३० गुणांच्या प्रचलित चाचणीत ८४ वर्षांच्या एका रुग्ण स्त्रीला जेमतेम ८ गुण मिळत होते, तरी परिचित चाल वाजवली की ती बरोबर गाऊ लागे, आणि त्याच चालीत मुद्दाम चुकीचे स्वर घातले की तिच्या चेहऱ्यावर आश्चर्य उमटे. म्हणजे भाषेवरची पकड सुटत चालली असतानाही बेसूर ओळखणारा कान शाबूत होता. पुढे २०१५ मध्ये जर्मनीतील लाइपझिग येथील माक्स प्लांक संस्थेच्या संशोधकांनी निरोगी तरुणांच्या मेंदूत जुनी गाणी ओळखताना सक्रिय होणारे भाग निश्चित केले आणि हेच भाग अल्झायमरच्या रुग्णांत तपासले, तेव्हा दोन्ही अर्धगोलांच्या मधल्या पृष्ठावरील, हालचालींच्या आखणीशी निगडित असलेले हे प्रदेश मेंदूच्या इतर भागांच्या मानाने फारच कमी आक्रसल्याचे आढळले. तरीही या आजारात साचणारे अमायलॉइड हे प्रथिन तेथे इतर भागांपेक्षा विशेष कमी नव्हते. त्यामुळे या भागांना अभय मिळालेले नसून त्यांच्यावरील संकट लांबणीवर पडलेले असते, असे म्हणणेच उचित होय.

हालचाल आणि गाणे यांच्या या शेजारधर्माचे महाराष्ट्राला नवल वाटू नये. जात्यावर बसले की ओवी सुचते, ही म्हण हेच सांगते की ते शब्द खुंट्याच्या फेऱ्याशी, खांद्याच्या लयीशी आणि मुठीने टाकलेल्या धान्याशी बांधलेले असतात. संशोधक हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी गावोगावच्या स्त्रियांकडून लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. हा प्रचंड ठेवा कागदावर येण्यापूर्वी पिढ्यान्‌पिढ्या हातांनी आणि गळ्यांनी जपला होता. प्रसंगांची स्मृती आणि सवयीने मुरलेली कृतीची स्मृती या निराळ्या असतात, हा मानसशास्त्रातील भेद समजावून देण्यास जात्यापेक्षा चांगले उपकरण सापडणे कठीण.

गाणे टिकते याची उकल मेंदूच्या अभ्यासकांनी केली. पण टिकलेल्या गाण्याचा उपयोग कसा करावा याचे दोन महत्त्वाचे धडे परिचर्येतून आले आणि त्यांचे श्रेय फारसे कोणी देत नाही. पहिला धडा अमेरिकेतील आयोवा विद्यापीठाच्या परिचारिका-संशोधक लिंडा गर्डनर यांचा. स्मृतिभ्रंशात येरझाऱ्या, ओरडणे, वस्तू ओढणे अशा रूपांनी प्रकट होणाऱ्या अस्वस्थतेला क्षोभ म्हणतात. २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात गर्डनर यांनी ३९ रुग्णांना सहा आठवडे, आठवड्यातून दोनदा, अर्धा तास त्यांच्या पूर्वायुष्यातील आवडीची गाणी ऐकवली आणि तेवढाच काळ मन शांत करणारे म्हणून विकले जाणारे पाश्चात्त्य अभिजात संगीतही ऐकवले. रुग्णाच्या आवडीच्या गाण्यांनी क्षोभ अधिक कमी झाला. सर्वांना शांत करणारे एकच संगीत असते या समजुतीला बसलेला हा धक्का, अमुक रोगावर अमुक राग अशी कोष्टके वाटणाऱ्यांनीही ध्यानात घ्यावा असा आहे.

गर्डनर यांच्या मांडणीतील अधिक मार्मिक भाग वेळेचा आहे. प्रत्येक रुग्णाचा क्षोभ दिवसाच्या साधारण ठरावीक वेळी शिगेला पोहोचतो, तेव्हा काही दिवस निरीक्षण करून ती वेळ ओळखावी आणि संगीत तिच्या अर्धा तास आधी सुरू करावे, असे त्या सांगतात, कारण क्षोभ भडकल्यावर बाहेरचा कोणताही आवाज, अगदी आवडीचे गाणेसुद्धा, त्यात भर घालू शकतो. हिंदुस्थानी संगीतात प्रहर रागाचा असतो. या मांडणीत तो रुग्णाचा असतो, आणि त्याचा पत्ता कोणत्याही यंत्राआधी उशाशी बसणाऱ्या माणसाला लागतो.

दुसरा धडा स्वीडनच्या परिचारिका-संशोधक एवा गोटेल यांचा आहे. आंघोळ घालणे, कपडे चढवणे ही सकाळची कामे संघर्षाची ठरतात, कारण हात वर करा, पाय उचला अशा सूचनांची मालिका ज्या भाषाशक्तीवर विसंबते तीच खालावलेली असते. गोटेल यांनी नेहमीची परिचर्या, पार्श्वसंगीत लावून केलेली परिचर्या आणि परिचारिका स्वतः गात असताना केलेली परिचर्या यांची तुलना केली, तेव्हा गाण्याच्या सोबतीने सूचना कमी द्याव्या लागल्या आणि तरीही रुग्णाला काय चालले आहे हे अधिक उमगत असल्याचे दिसले. हा अभ्यास मोजक्या रुग्णांवरचा होता, परंतु सदरा अडकवणारा हात आणि गाणारा गळा एकाच माणसाचे असणे ही त्यातील कल्पना ध्वनिमुद्रिकेहून फार वेगळी आहे.

मोठ्या चाचण्यांनी मात्र उत्साहाला आवर घातला आहे. अमेरिकेतील ५४ शुश्रूषागृहांतील ९७६ रहिवाशांवर वैयक्तिक आवडीच्या संगीताची चाचणी घेतली असता क्षोभयुक्त वर्तनात लक्षणीय घट आढळली नाही, असे २०२२ मध्ये जाहीर झाले; पुढच्याच वर्षी ऑस्ट्रेलिया, जर्मनी, ब्रिटन, नॉर्वे आणि पोलंड येथील ४३२ रुग्ण-काळजीवाहक जोड्यांच्या चाचणीतही, काळजीवाहकांना प्रशिक्षण देऊन घरी संगीत वापरले असता, तीन महिन्यांनी रुग्णांची लक्षणे नेहमीच्या देखभालीपेक्षा विशेष उतरलेली दिसली नाहीत. सरासरी काढली की योग्य वेळी लागलेले गाणे आणि अवेळी लागलेले गाणे एकाच रकान्यात पडतात, हे खरे; पण तेवढ्यावर निकाल झटकून टाकणे अप्रामाणिकपणाचे होईल. संगीत हे औषध नाही, एवढे या आकड्यांवरून मान्य करावेच लागते.

फिनलंडमध्ये टेप्पो सार्कामो यांच्या गटाने ८९ जोड्यांवर केलेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात दहा आठवड्यांच्या सामूहिक गायनाने काळजी घेणाऱ्यांचेही स्वास्थ्य सुधारल्याचे दिसले, हे येथे विसरता कामा नये. कारण दिवसातून दहा वेळा तोच प्रश्न ऐकून थकलेल्या माणसाला, उत्तर द्यावे लागणार नाही अशी एखादी गोष्ट रुग्णाबरोबर करता येणे हाच मोठा विसावा असतो.

गाण्यांची निवड करताना साधे गणित उपयोगी पडते. माणसाला साधारण दहा ते तीस या वयातील आठवणी अधिक ठळकपणे आठवतात, तेव्हा आज नव्वदीत असलेल्या व्यक्तीसाठी १९४५ ते १९६५ हा काळ धुंडाळावा. १९५५ मध्ये पुणे आकाशवाणीवर सुरू झालेले गीतरामायण नेमके त्या काळात येते. तरीही काळ म्हणजे आवड नव्हे. कोणाच्या कानात हरिपाठ असेल, कोणाच्या लावणी, तर एखाद्या गाण्याशी जुने दुःख जोडलेले असेल. ते लागताच डोळे भरून अस्वस्थता वाढली, तर ते बाजूला ठेवणेच इष्ट.

घरात दूध आणि गॅस सिलिंडर यांची नोंद जेथे होते, त्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेत आठवडाभर रुग्णाच्या अस्वस्थतेची वेळ लिहिली, तरी संगीतोपचाराचे निम्मे काम झाले असे समजावे. उरलेले निम्मे त्या वेळेच्या अर्धा तास आधी करायचे असते, आणि त्यासाठी गळा सुरेल असण्याची अट कोणत्याही अभ्यासाने घातलेली नाही.