हीटर उन्हाळ्यातच बिघडतो!

वऱ्हाडात कारला हीटर कशाला, असं पुण्या-मुंबईचे कलीग्ज हसत विचारतात. त्यांना एकदा डिसेंबरातल्या पहाटे परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढायला लावा. सुमारे ११०० मीटर उंची, मेळघाटातली झोंबरी हवा आणि चौघांच्या श्वासाने वाफाळलेली काच. तेव्हा हीटरमधून नुसती कोमट फुंकर येत असेल, तर प्रश्न कुडकुडण्याचा राहत नाही, पुढचं वळण दिसण्याचा होतो.

माझं ऐकाल तर हा बिघाड बहुतेक वेळा एप्रिल-मेमध्येच होऊन बसलेला असतो. कळतो तेवढा डिसेंबरात.

हीटरला वेगळं इंधन जाळावं लागत नाही. इंजिनमधून तापून आलेलं कूलंट डॅशबोर्डमागच्या छोट्या रेडिएटरमधून, म्हणजे हीटर कोअरमधून फिरतं आणि ब्लोअर त्यावरून हवा फेकतो. फुकटची ऊब! (इलेक्ट्रिक कारवाल्यांनी हसू नये, त्यांची ऊब बॅटरीतून जाते.)

आता आपला उन्हाळा बघा. अकोल्यात पारा ४५ च्या वर गेला, गाडी तापायला लागली, की मिस्त्री म्हणतो, "भाऊ, थर्मोस्टॅटच काढून टाकू, कटकट नाही." इंजिन तापेपर्यंत कूलंट मोठ्या रेडिएटरकडे न सोडणारा हा व्हॉल्व्ह साधारण ८० ते ९० अंशांना उघडतो. तो काढला, की थंडीत हायवेवर इंजिन पुरतं तापतच नाही. हीटर कोमट, वर मायलेजही घटतं. खूण सोपी आहे: शहरात ऊब येते, हायवेला लागलं की जाते आणि टेंपरेचरचा काटा खालीच रेंगाळतो. उलट सिग्नलला हवा गार आणि रेस दिली की गरम, असं असेल तर कूलंट कमी आहे किंवा आत हवा अडकलीय. लेव्हल इंजिन गार असतानाच बघा. गरम रेडिएटरचं झाकण उघडलं तर उकळतं पाणी थेट अंगावर येतं.

दुसरा गुन्हेगार अस्सल वऱ्हाडी आहे, पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा. दर्यापूरकडच्या माणसाला बोअरचं पाणी कसं असतं, हे सांगायला नको. पण रेडिएटर उकळला, की ढाब्यावर तेच पाणी बिनधास्त ओतलं जातं. जे आपण तोंडात धरत नाही, ते इंजिनला कसं काय चालतं बाप्पा? क्षार आणि गंज हीटर कोअरच्या बारीक नळ्यांत बसतात.

तपासायचं असेल तर हीटर फुल्ल ठेवून गाडी तापवा, इंजिन बंद करा आणि कोअरकडे जाणाऱ्या दोन्ही रबरी नळ्या जपून चाचपा. एक गरम, एक गार असेल तर कोअर चोंदल्याची शंका घ्या. दोन्ही गरम असूनही हवा गार, तर आतली हवा वळवणारी झडप किंवा तिची केबल अडकली असेल. कोअर फ्लश करून घ्या आणि मग मॅन्युअलमध्ये दिलेलं कूलंटच डिस्टिल्ड वॉटरसोबत भरा. केबिनमध्ये गोडसर वास आणि काचेवर आतून चिकट थर दिसला, तर कोअर गळतोय. तिथे चालढकल नको.

घाटात काच वाफाळली तर हीटरसोबत एसीही लावा आणि बाहेरची हवा आत घ्या. एसी हवेतला ओलावा शोषतो, काच पटकन साफ होते.

आणि गॅरेजमध्ये नुसतं "हीटर बघा" म्हणू नका. "थर्मोस्टॅट जागेवर आहे का?" असं विचारा. मिस्त्री आधी तुमच्याकडे बघेल, मग बॉनेट उघडेल.