शिल्प झालेला एक शब्द

बाराव्या शतकातील फारसी कवी निजामी याने ‘खुसरो आणि शिरीन’ या काव्यात फरहाद नावाचा पाथरवट रंगविला आहे. शिरीनच्या प्रेमापायी तो बिसुतूनचा पहाड फोडतो आणि तिच्या मृत्यूची खोटी वार्ता कानी येताच प्राण सोडतो. इराणात पिढ्यान्‌पिढ्या ही प्रेमकथा म्हणून वाचली गेली. १९३७ साली तेहरानमध्ये जन्मलेल्या परवीझ तनावोली यांना मात्र तिच्यात प्रियकराआधी कारागीर दिसला.

इटलीत मारिनो मारिनी यांच्या हाताखाली शिल्पकला शिकून ते मायदेशी परतले, तेव्हा ज्याचा वारसा सांगावा असा शिल्पकार त्यांना सापडेना. प्राचीन सम्राटांच्या काळातील शिलाशिल्पे होती; परंतु पुढील शतकांत इराणची प्रतिभा काव्य आणि सुलेखन यांतच अधिक बहरली. अखेर त्यांनी काव्यातल्या फरहादलाच पूर्वज मानले. कवीच्या कल्पनेतील पात्रापासून आपली परंपरा मोजायची, हे धाडसच म्हटले पाहिजे!

सुलेखनाकडे ते वळले तेही एका शब्दापुरते. १९६५ च्या सुमारास त्यांनी ‘हीच’ हा फारसी शब्द निवडला. मराठीतील ‘हीच’शी त्याचे केवळ ध्वनिसाम्य, फारसीत त्याचा अर्थ ‘काहीच नाही’. हे, ये, चे अशी तीनच अक्षरे. फारसी काव्यसंग्रहांच्या हस्तलिखितांत नांदलेल्या नस्तालिक लिपीत ती लिहिली, की पहिल्या अक्षरातील दोन पोकळ्या डोळ्यांसारख्या भासतात आणि शेवटच्या अक्षराचे गोलाकार वळण बसलेल्या देहासारखे. तनावोलींनी या शब्दाला ब्राँझमध्ये शरीर दिले. कधी तो खुर्चीवर रेलतो, तर कधी दोन ‘हीच’ प्रेमिकांसारखे एकमेकांना बिलगतात.

शब्दाचा अर्थ पाहता ही निराशेची कला वाटावी. तनावोलींना ते मान्य नाही. रूमीसारख्या सूफी कवींनी ज्या शून्याला निर्मितीचे उगमस्थान मानले, त्या शून्याशी त्यांचे नाते आहे. त्यात त्यांना आशा आणि मैत्री दिसते. म्हणूनच या शिल्पांत रिक्ततेपेक्षा लडिवाळपणा अधिक आहे.

२००५ साली मात्र त्यांनी हाच शब्द पिंजऱ्यात बसविला. ग्वांतानामो येथील कैद्यांच्या हालांनी अस्वस्थ होऊन घडविलेले ते शिल्प आता लंडनच्या ब्रिटिश म्युझियमच्या संग्रहात आहे.