आधी पंप घेऊन दाखवा

दम्याचा जुना रुग्ण समोर बसतो आणि म्हणतो, ‘डॉक्टर, इतकी औषधं झाली, फरकच नाही.’ अशा वेळी नवं काही लिहिण्याआधी मी त्याला औषधांची पिशवी टेबलावर उलटी करायला सांगतो. पिशवीतून त्याचं अख्खं वर्ष बाहेर पडतं. तीन डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, तात्पुरता आराम देणाऱ्या साल्ब्युटामॉलचे दोन-तीन रिकामे पंप, आत कॅप्सूलचं टरफल अडकलेला रोटाहेलर, नाव नसलेल्या पुड्या. रोज घ्यायच्या औषधाची डबी मात्र जवळजवळ भरलेलीच असते.

माझा दवाखाना नाशिकहून पिंपळगावकडे जाणाऱ्या महामार्गालगत आहे. एका बाजूला द्राक्षबागा, दुसऱ्या बाजूला कांद्याची खळी. हट्टी दमा म्हणून माझ्याकडे येणाऱ्यांपैकी बहुतेकांचा दमा हट्टी नसतो, हे मी इथेच शिकलो. नेदरलँड्समधल्या एका पाहणीत हेच आकड्यांत दिसलं. २०१५ साली ती प्रसिद्ध झाली. भरपूर औषध लिहून दिलं असूनही आटोक्यात न आलेला दमा शंभर प्रौढ दमेकऱ्यांपैकी साधारण सतराजणांना होता. त्यांची पंप घेण्याची पद्धत आणि नियमितपणा तपासल्यावर औषधाला खरोखर दाद न देणारे चारसुद्धा उरले नाहीत. बाकीच्यांचं औषध छातीपर्यंत पोचतच नव्हतं. ते पोचवणं हे तुमच्या-माझ्या गल्लीतल्या डॉक्टरचं काम आहे, त्याला मोठं हॉस्पिटल लागत नाही.

खळ्यावर कांदा निवडणाऱ्या एका मावशींना मी म्हटलं, ‘मावशी, आत्ता इथं पंप घेऊन दाखवा.’ त्यांनी कॅप्सूल काढली आणि पाणी मागितलं. ‘पाण्याबिगर कशी गिळू?’ रोटाहेलरमध्ये घालून ओढायची ती कॅप्सूल त्या कित्येक महिने गिळत होत्या. ‘रोज घेता का?’ असं त्यांना प्रत्येकानं विचारलं होतं आणि त्यांचं ‘हो’ अगदी खरं होतं. घेऊन दाखवा, असं कोणी म्हटलं नव्हतं.

हे शिकवायला पाच-सात मिनिटं लागतात. आधी तोंड बाजूला करून श्वास पूर्ण सोडायचा, यंत्रात फुंकायचं नाही. रोटाहेलरच्या तोंडाभोवती ओठ घट्ट मिटून जोरात, खोल ओढायचं. दहा आकडे मोजेपर्यंत रोखायचं, मग चूळ भरून थुंकायचं. दाबायचा पंप असेल तर उलटं, तिथे श्वास सावकाश ओढायचा, नाहीतर औषध घशाच्या मागच्या भिंतीवरच आदळतं. एकाच पिशवीत दोन्ही यंत्रं असली की माणूस हमखास गोंधळतो, म्हणून शक्यतो मी एकाच जातीचं यंत्र ठेवतो. मुलांना आणि म्हाताऱ्यांना पंपाबरोबर स्पेसर, म्हणजे औषध धरून ठेवणारी प्लॅस्टिकची नळी, देतो. पुढच्या भेटीत पुन्हा घेऊन दाखवायला लावतो, कारण शिकलेला हात काही आठवड्यांत परत आपल्या मनासारखं करू लागतो.

हात सुधारला तरी भीती उरते. ‘पंपाची सवय लागते’, ‘पंप म्हणजे शेवटचा उपाय’ ही वाक्यं मी रोज ऐकतो. लग्न ठरलेल्या मुली पंप पर्सच्या तळाशी लपवतात, सासरी गेल्यावर बंद करतात आणि पहिल्याच थंडीत मध्यरात्री नेब्युलायझरची वाफ घ्यायला येतात. स्टेरॉइडच्या भीतीसाठी मी कागदावर हिशोब मांडतो. पंपाच्या एका मात्रेत ब्युडेसोनाइड हे स्टेरॉइड बहुधा दोनशे मायक्रोग्रॅम असतं. धाप वाढल्यावर पोटात घ्यायच्या प्रेडनिसोलोनचा डोस दिवसाला चाळीस मिलीग्रॅमपर्यंत जातो, म्हणजे चाळीस हजार मायक्रोग्रॅम. दोन्ही औषधांची ताकद सारखी नाही हे मान्य, पण पंप टाळणारा माणूस वर्षातून तीनदा गोळ्यांचा कोर्स घेतो किंवा निनावी पुडी खातो, तेव्हा ज्या स्टेरॉइडला तो घाबरला होता तेच रक्तात कित्येक पटींनी जातं. एवढं पाहिल्यावर बहुतेक जण गप्प होतात आणि डबी उचलतात.

नुसता आरामाचा पंप मात्र मला खरोखर घाबरवतो. त्यानं श्वासनळी तात्पुरती उघडते, आतली सूज तशीच राहते. वर्षाला असे तीन किंवा जास्त पंप संपत असतील तर मोठ्या झटक्याचा धोका वाढतो, बारा संपत असतील तर मृत्यूचा. २०१९ साली ‘ग्लोबल इनिशिएटिव्ह फॉर अस्थमा’ या जागतिक गटानं प्रौढांना आणि किशोरवयीन मुलांना नुसत्या साल्ब्युटामॉलवर ठेवू नका असं स्पष्ट सांगितलं. सूज उतरवणारं ब्युडेसोनाइड आणि नळी उघडणारं फॉर्मोटेरॉल एकत्र असलेला पंप रोजही चालतो आणि धाप लागली तेव्हाही. जगातल्या दमेकऱ्यांपैकी सुमारे तेरा टक्के भारतात आहेत आणि दम्यानं होणाऱ्या मृत्यूंपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक भारतात होतात. यातले बरेच मृत्यू टळणारे आहेत. मला त्याचा राग येतो आणि तो यावाच असं वाटतं.

हवा चांगली म्हणून मुंबईचे डॉक्टर पूर्वी छातीच्या रोग्यांना देवळालीला धाडत, तिथली सॅनिटोरियम अजून उभी आहेत. आज नाशिक राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमाच्या प्रदूषित शहरांच्या यादीत आहे. पण माझ्या रुग्णांची हवा शहराच्या आकड्यापेक्षा त्यांच्या कामावर ठरते. ऑक्टोबर छाटणीनंतर बागेत भुरी आणि केवडा या रोगांसाठी फवारण्या सुरू होतात, ब्लोअरचा फवारा आणि गंधकाची धुरळणी छातीला झोंबते. डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा उतरला की घड वाचवायला पहाटे बागांमध्ये शेकोट्या पेटवून धूर करतात. बागेचा मालक स्वतः दमेकरी असला तरी रात्रभर तिथेच उभा राहतो. वर्षाचं पीक त्या धुरावर टिकणार असतं, त्याला ‘घरी थांबा’ म्हणायला माझी जीभ रेटत नाही. मी त्याला वाऱ्याच्या बाजूला उभं राहायला, नाक-तोंड बांधायला आणि पंप खिशात ठेवायला सांगतो. घरी आणखी एक धूर असतो. डासांची एक कॉइल रात्रभर जळली की तिच्यातून पंचाहत्तर ते एकशे सदतीस सिगारेटींएवढे सूक्ष्म कण निघतात, हे मोजलं गेलेलं आहे. खिडक्या लावून, उशाशी कॉइल ठेवून झोपणारं पोर रात्री तीनला खोकत उठतं. तिथे डोस वाढवण्याआधी मच्छरदाणी आणायला सांगतो.

मग नाक पाहतो. बारमाही सर्दी तशीच ठेवून छाती शांत होत नाही. दुसऱ्या आजारांची औषधं विचारतो. एका काकांचा दमा अचानक बिघडला, गोळ्यांत काही सापडेना. शेवटी काकूंनी काचबिंदूच्या थेंबांची बाटली काढली, त्यात टिमोलॉल होतं. डोळ्यांच्या डॉक्टरांना फोन केला, थेंब बदलले. थरथरीसाठीचं प्रोप्रानोलॉल आणि काहींच्या बाबतीत साधी अंगदुखीची गोळीसुद्धा असाच घात करते. दोन आठवड्यांहून जुना खोकला असेल तर थुंकीची तपासणी होतेच, आपल्याकडे क्षयाचा विचार सोडून चालत नाही.

शंका राहिलीच तर श्वासाचा जोर मोजणारा पीक फ्लो मीटर घरी देतो. जोरात फुंकायचं, तीनदा, सर्वांत मोठा आकडा लिहायचा, सकाळी आणि संध्याकाळी, दोन आठवडे. खळ्यावरच्या त्या मावशींची आकड्यांची वही नातीनं भरली होती. कामाच्या दिवशी आकडा संध्याकाळी पडायचा आणि रविवार-अमावास्येला, खळं बंद असताना, चढायचा. साठवणीच्या चाळीतला कांदा फोडला की उडणारी साल, धूळ आणि सडक्या कांद्यावरची काळी बुरशी त्या वहीत दिसत होती. ती बुरशी ॲस्परजिलस कुळातली. त्याच कुळातली दुसरी एक बुरशी काही दमेकऱ्यांच्या श्वासनळ्यांत घर करते. अशांच्या रक्तातलं आयजीई, म्हणजे ॲलर्जीचं प्रतिपिंड, खूप वाढतं, खोकल्यातून तपकिरी गोळे पडतात, आणि एक्स-रे पाहून अनेकांना उगाच क्षयाची औषधं दिली जातात. मावशींचं आयजीई फार वाढलेलं नव्हतं. मुकादमांशी बोलल्यावर त्यांना निवडणीवरून गोण्या शिवायच्या कामावर घेतलं. मजुरी थोडी कमी झाली, हेही खरं.

एवढं सगळं करूनही जो दमतो, त्याला मी वेळ न घालवता नाशिकच्या छातीरोगतज्ज्ञांकडे पाठवतो. वर्षातून दोनदा स्टेरॉइडच्या गोळ्या लागल्या किंवा एकदा आयसीयू पाहिला, तर थांबत नाही. सोबत रुग्णाची पंप घेण्याची पद्धत, औषधांचा नियमितपणा आणि वहीतले आकडे लिहून देतो, म्हणजे त्यांना पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. ओमालिझुमॅब, मेपोलिझुमॅब ही इंजेक्शनं आता भारतात मिळतात आणि योग्य रुग्णाचं आयुष्य बदलतात, पण त्यांचा खर्च कांदा निवडणाऱ्या घराला झेपणारा नाही. सरकारनं इथे हात द्यायला हवा.

मृग लागला की काही जण दम्यावर दिल्या जाणाऱ्या माशाच्या प्रसादासाठी हैदराबादला जातात. मी अडवत नाही, पंप बरोबर न्यायला सांगतो. परत आल्यावर पावसाळाभर बरं वाटतं आणि पंप सुटतो, हीच अडचण. तीन महिने आटोक्यात असलेल्याचा डोस मीच कमी करतो, पण पूर्ण बंद करू देत नाही. बागेवरच्या आणि खळ्यावरच्या रुग्णांना सप्टेंबरच्या अखेरीस, छाटणीच्या आधी, फोन जातो: पिशवी घेऊन या, फ्लूची लस घ्या, आणि पंप घेऊन दाखवा.