जाहिरातीची जुनी गाडी भंगारात घालताय? थांबा, आधी हे वाचा

चाकांवर पळणारं भलंमोठं संत्रं. त्याला काचा आहेत, दिवे आहेत आणि आत चार माणसं बसतात. ही काही जत्रेतली करामत नाही. दक्षिण आफ्रिकेतली संत्री युरोपात ‘आउटस्पॅन’ नावानं विकली जायची. त्या संत्र्यांच्या जाहिरातीसाठी १९७२ ते १९७४ या काळात इंग्लंडमध्ये अशा फक्त सहा गाड्या तयार झाल्या. ‘मिनी’ कारचे भाग घेतले, सांगाडा आखूड केला आणि वर फायबरचं संत्रं बसवलं. गाडी आखूड आणि गोल, त्यामुळे ती कलंडू नये म्हणून मागे मुद्दाम वजन ठेवावं लागलं. वेगही ताशी पन्नास किलोमीटरच्या आसपासच ठेवायचा. म्हणजे प्रवासाला जवळजवळ बिनकामाची! तरीही त्यातली एक आज इंग्लंडमधल्या ब्युली इथल्या राष्ट्रीय मोटार संग्रहालयात मानानं उभी आहे.

अशा गाडीसाठी लोक वेडे का होतात? महागडी मोटार पाहून माणूस दबून बाजूला होतो, पण संत्र्याची गाडी पाहून तो हसतो, जवळ येतो, हात लावून बघतो. मालकाला खरी मजा त्यातच येते.

दुसरं कारण म्हणजे अशा गाड्या उरतच नाहीत. घरची गाडी माणूस जपतो. जाहिरातीची गाडी कंपनीची. मोहीम संपली की तिला कोणी वाली नसतो. अमेरिकेत ‘झिप्पो’ या लायटर कंपनीनं १९४७ च्या क्रायसलर मोटारीवर दोन प्रचंड लायटर बसवून गाडी देशभर फिरवली. वजन इतकं, की टायर फुटायचे. शेवटी गाडी दुरुस्तीला एका डीलरकडे दिली आणि तिथेच राहिली. पुढे शोध घेतला तर गाडीचा पत्ताच नाही. अखेर कंपनीनं तसलीच दुसरी जुनी क्रायसलर घेऊन नक्कल बनवली.

गाडीबरोबर तिचा काळही येतो, चांगला-वाईट दोन्ही. संत्र्याची गाडी इंग्लंडमध्ये फिरत होती, त्याच वर्षांत नेदरलँड्समध्ये वर्णद्वेषाच्या विरोधात आउटस्पॅनच्या संत्र्यांवर बहिष्कार चालू होता. गाडी ठेवणाऱ्यानं ही बाजूही सांगायला हवी.

आपल्याकडे काय? कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण रंगवलेली जीप, टपावर भोंगा लावलेली चहा-साबणाची गाडी, बियाण्यांचा प्रचार करणारी व्हॅन जुन्या माणसांना आठवत असेल. त्यातली एखादी अजून कुणाच्या गोठ्यामागं गंजत पडलेली असू शकते. भंगारवाला पत्र्याच्या वजनाचे पैसे देतो, अक्षरांचे देत नाही.

तर पहिलं पथ्य : रंग मारू नका. हौसेनं नवा चकचकीत रंग दिला की पेंटरच्या हातची जुनी अक्षरं गेली, आणि मग उरते ती नुसती जुनी जीप. धूळ कोरड्या मऊ फडक्यानं पुसा, गाडी शेडखाली घ्या, सगळ्या बाजूंनी फोटो काढा. भोंग्याचा स्टँड, फळ्या, पडदा असं काही सुटं सापडलं तर गाडीसोबतच ठेवा.

विकत घेणाऱ्यानं उलट बाजूनं सावध राहावं. कुठल्याही जुन्या व्हॅनवर जुनी जाहिरात आज रंगवता येते. अक्षरांचा रंग बाकी पत्र्याइतकाच उन्हानं विटलाय का, स्टँडची भोकं गंजलीत की ताजी पाडलीत, त्या काळातला एखादा फोटो आहे का, हे बघा. कागद नसतील तर व्यवहार नको. आणि अशा गाडीची बॉडी बहुधा हातानं बनवलेली असते, तिचे भाग दुकानात मिळत नाहीत. दुरुस्तीचा खर्च आधी धरा.

कायद्याचं गणित वेगळं आहे. केंद्राच्या २०२१ च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांपेक्षा जुनी दुचाकी किंवा चारचाकी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. नियमांत ठरलेली फी नव्या नोंदणीला २० हजार आणि पुनर्नोंदणीला ५ हजार रुपये आहे. नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात. पण अट अशी, की चासी, बॉडी आणि इंजिनात मोठा बदल केलेला नसावा. जाहिरातीसाठी बॉडीच बदललेली असेल तर पैसे मोजण्याआधीच आरसी बुक घेऊन आरटीओत विचारून या. शिवाय अशी गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला चालत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन भरणं आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच ती रस्त्यावर काढता येते. त्यामुळे लग्नाच्या वरातीत भाड्यानं फिरवून पैसे वसूल करू, असा हिशेब कुणी मांडला असेल तर तो इथेच सोडून द्यावा.