स्पर्शाविना चालणारी यंत्रे : एक मागोवा

सार्वजनिक जागेतील यंत्र हात न लावता चालवण्याची कल्पना करोनाच्या साथीतून जन्मली, असा समज रूढ असला तरी तो इतिहासाला धरून नाही. अमेरिकेत कनेटिकट राज्यातील वेस्ट हेवन येथे एका उपाहारगृहात 1931मध्ये प्रकाशकिरण अडला की आपोआप उघडणारे दार बसवण्यात आले, तेव्हा प्रश्न जंतूंचा नव्हता. दोन्ही हातांत ताटे घेऊन स्वयंपाकघरातून ये-जा करणाऱ्या वाढप्यांच्या सोयीचा होता. अशा दाराने माणसाकडून चालण्यापलीकडे काहीच मागितले नाही, आणि म्हणूनच ते कोणाला शिकवावे लागले नाही.

खरी कसोटी लागली ती यंत्राला माणसाकडून हेतुपुरस्सर कृती हवी होती तेथे. हाँगकाँगमध्ये 1997मध्ये ‘ऑक्टोपस’ आणि जपानमध्ये 2001मध्ये ‘सुइका’ हे प्रवासी कार्ड सुरू झाले. या कार्डांत बॅटरी नसते. वाचकयंत्राच्या रेडिओलहरींमुळे कार्डातील तारेच्या वेटोळ्यात वीज निर्माण होते आणि त्या विजेवर आतील चिप उत्तर देते. कार्ड काही सेंटिमीटरवर आणले तरी पुरते, परंतु भाडे मोजून नोंद होईपर्यंत, म्हणजे सुमारे 0.2 सेकंद, ते लहरींच्या टप्प्यात राहावे लागते. घाईतल्या प्रवाशाच्या हाताला एवढे थांबणेही जड जाते. जपानमध्ये 1990च्या दशकात घेतलेल्या चाचण्यांत जवळपास निम्म्या लोकांना फाटक नीट पार करता आले नाही, कारण कोणी कार्ड उभे धरत होते, तर कोणी ते यंत्रावरून नुसते फिरवून पुढे निघत होते. अभिकल्पकार शुंजी यामानाका यांनी निरनिराळे आकार लोकांच्या हाती देऊन पाहिले आणि अखेर वाचकयंत्राचा पृष्ठभाग प्रवाशाकडे 13.5 अंशांनी कलता ठेवून त्याला प्रकाशाची जोड दिली. कललेला, उजळलेला भाग समोर दिसताच कार्ड तेथे टेकवावे हे सांगावे लागत नाही, आणि टेकवताना हात क्षणभर आपसूक थांबतो. स्पर्शाची गरज नसलेल्या यंत्रावर कार्ड टेकवण्याची सूचना प्रवाशांना देण्यात आली, ती याच क्षणासाठी. या सगळ्या इतिहासातले सर्वांत शहाणपणाचे पाऊल कोणते असेल तर ते हेच म्हणावे लागेल, कारण येथे माणसाला यंत्राजोगे वळवण्याऐवजी यंत्रालाच माणसाच्या सवयीकडे कलवले गेले.

भारतात दिल्ली मेट्रोने 2002मध्ये आणि मुंबईच्या वर्सोवा–घाटकोपर मार्गाने 2014मध्ये हीच पद्धत नाण्याएवढ्या प्लास्टिक टोकनसह आणली. आत जाताना टोकन टेकवायचे आणि बाहेर पडताना ते खाचेत टाकायचे, अशी दुहेरी रीत नवख्याला गोंधळात टाकणारी असली तरी टोकन परत मिळवण्यासाठी ती आवश्यक होती.

याउलट, हवेतल्या हातवाऱ्यांवर चालणारे पडदे सार्वजनिक जागांत फारसे रुजले नाहीत. 2010मध्ये ‘किनेक्ट’ हा शरीराच्या हालचाली टिपणारा कॅमेरा बाजारात आल्यावर दुकाने आणि संग्रहालये यांतून असे प्रयोग झाले. पण कोणता हातवारा करायचा हे पाहणाऱ्याला कळत नाही, केलेला पोहोचला की नाही हे समजत नाही, आणि चारचौघांत हवेत हात हलवत राहणे म्हणजे हात दाखवून अवलक्षण. अवरक्त किरण, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा प्रकाश, हातावरून परावर्तित झाल्यावर साबण सोडणाऱ्या यंत्राचा दोष त्याहून गंभीर होता: असे एक यंत्र गोऱ्या हाताला साबण देते आणि काळ्या हाताला देत नाही, हे दाखवणारी चित्रफीत 2017मध्ये जगभर पाहिली गेली.

2020च्या साथीत स्पर्शाची भीती एकाएकी सार्वत्रिक झाली. बँकॉकच्या एका मॉलने लिफ्टच्या बटणांऐवजी पायाने दाबायच्या पट्ट्या बसवल्या. भारतात रिझर्व्ह बँकेने पिन न टाकता कार्ड टेकवून पैसे देण्याची मर्यादा 1 जानेवारी 2021पासून दोन हजारांवरून पाच हजार रुपये केली. पृष्ठभागांवरून करोना पसरण्याचा धोका अल्प असल्याचे अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने एप्रिल 2021मध्ये स्पष्ट केल्यावर त्या भीतीचा पाया ढासळला, तरी कार्ड आणि क्यूआर कोड टिकले. ते वेळ वाचवत होते म्हणून. 2023मध्ये पुणे आणि मुंबई विमानतळांवर चेहरा ओळखून प्रवेश देणारी ‘डिजियात्रा’ आली, आणि तेथे प्रश्न हाताचा न राहता चेहऱ्याची माहिती कोणाच्या हाती जाते याचा झाला.

या वाटचालीत दृष्टिहीनांचा विचार मात्र सर्वांत मागे राहिला. लिफ्टच्या बटणावरील उठावाचे ठिपके बोटांनी वाचता येतात. सपाट काचेमागे दडलेला संवेदक कोठे आहे, हे चाचपडूनही कळत नाही. म्हणून स्टेशन, रुग्णालय वा सरकारी कार्यालय यांच्यासाठी स्पर्शविरहित यंत्रणेची निविदा काढताना जुनी बटणे कायम ठेवण्याची अट तीत असलीच पाहिजे.