बक्षिसी आणि वेतन



उपाहारगृहांत खाणें आटोपून हात धुऊन झाले, कीं मेजावर बडीशेपेची बशी येते. बशींत बिलाचा कागद असतो, आणि तो आणणारा मनुष्य दोन पावलें मागें सरून उभा राहतो. त्या क्षणीं प्रत्येकाच्या मनांत एकच विचार येतो: किती ठेवावें? कोणी उरलेली मोड तशीच सोडून देतो, कोणी रकमेचा दहावा हिस्सा मोजतो, तर कोणी बडीशेपेची चिमूट तोंडांत टाकून चालूं लागतो. तिघांनाही आपलेंच वागणें योग्य वाटतें. आज या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. पण 'किती ठेवावें' एवढ्यापुरताच नव्हे. ज्याच्यापुढें आपण तें नाणें ठेवतों, त्याच्या श्रमाचें मोल कोणीं द्यावयाचें, मालकानें कीं गिऱ्हाइकानें, हा त्यामागचा खरा प्रश्न आहे.

प्रथम शब्दांकडे पाहूं. आपल्या भाषेनें या बाबतींतले भेद फार पूर्वींच करून ठेवले आहेत. केलेल्या कामाबद्दल ठरल्या दिवशीं, ठरल्या प्रमाणांत, हक्कानें मागून घेतां येतो तो पगार. काम मनाजोगें झालें म्हणून देणारा आपखुशीनें देतो तें बक्षीस. दिवाळीला टपालवाला, रखवालदार, मोलकरीण यांच्या हातावर ठेवतों ती पोस्त. ती वर्षांतून एकदां, रिवाजानें मिळते. पगार मिळाला नाहीं तर भांडतां येतें. बक्षीस मिळालें नाहीं तर फार तर मन खट्टू होतें. बक्षिसाला पगाराच्या जागीं बसविलें, कीं घोटाळ्यास आरंभ होतो. मग नांव बक्षिसाचें राहतें, घेणाऱ्याची गरज पगाराची असते, आणि देणाऱ्यास मात्र आपण उपकार केला असें वाटत राहतें.

आतां आपल्या कोल्हापुरांतलीच व्यवस्था पाहा. रविवारीं सकाळीं मिसळीच्या दुकानापुढें रांग लागलेली असते. आंत वाढणारा मुलगा एका हातावर चार बशा तोलीत 'ब्रेड हवा का, कट हवा का' असें विचारीत धांवत असतो. तेथें बक्षिसी ठेवण्याची फारशी चाल नाहीं; गिऱ्हाईक गल्ल्यावर पैसे देऊन बाहेर पडतें. तांबड्या-पांढऱ्या रश्श्याच्या खानावळींत ती कधीं मिळते, कधीं नाहीं. महामार्गालगतच्या मोठ्या भोजनगृहांत, जेथें परगांवचीं कुटुंबें मोटारीनें येतात, तेथें ती बहुधा मिळते. काम तेंच, श्रम तितकेच. पण मिळकत कोणत्या दाराशीं उभें राहावयास मिळालें यावर अवलंबून. नवरात्रांत अंबाबाईच्या दर्शनाला गर्दी लोटते तेव्हां हात भरतो. पावसाळ्यांत झड लागली, कीं तोच हात रिकामा राहतो. घरभाडें आणि मुलांची फी मात्र ऋतुमान पाहून येत नाहीं.

याहून एक मोठी गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. बक्षिसी जो दिसतो त्याला मिळते. ज्या भाकरीची आपण वाखाणणी करतों ती थापणारी बाई चुलीपुढून उठून आपल्यासमोर येत नाहीं. रश्श्याला चव आणणारा आचारी भटारखान्यांत असतो, आणि बशा विसळणारा मोरीपाशीं. त्यांच्या कष्टानें आपण संतुष्ट होतों, पण त्या संतोषाचें नाणें दुसऱ्याच्याच खिशांत जातें. कांहीं ठिकाणीं बक्षिसी एका डब्यांत टाकून रात्रीं सर्वांत वांटतात, ही चांगली चाल आहे; पण ती मालकाच्या आणि कामगारांच्या चांगुलपणावर चालते, नियमावर नाहीं.

बक्षिसीच्या बाजूनेंही बोलण्यासारखें पुष्कळ आहे, आणि तें मोकळेपणानें मांडलें पाहिजे. ती हातोहात मिळते. महिना भरण्याची वाट पाहावी लागत नाहीं. तींत मध्यस्थ नसतो. म्हाताऱ्या आईला हात धरून बसविणाऱ्या, तान्ह्या मुलासाठीं न सांगतां कोमट पाणी आणणाऱ्या माणसाचें कौतुक करावेसें वाटणें हा मनाचा चांगुलपणाच आहे. माझ्या हाताखालीं शिकून पुढें हॉटेलांत कामाला लागलेल्या एका विद्यार्थ्यानें मला एकदां सांगितलें, "गुरुजी, पगार घरीं पाठवितों आणि बक्षिसीवर महिना काढतों." त्याच्या लेखीं ती चैन नव्हती, आधार होता. म्हणून बक्षिसी एकदम बंद करा असें म्हणणारा मनुष्य पगार वाढविण्याची हमी देत नसेल, तर तो त्या मुलाच्या पोटावर पाय देतो असेंच म्हटलें पाहिजे.

परंतु काम एकानें करून घ्यावयाचें आणि मोबदला तिसऱ्यानें मर्जी असेल तसा द्यावयाचा, ही व्यवस्था कोल्हापूरला अनोळखी नाहीं. जुन्या महारकी वतनाचा सांगाडा असाच होता. गांवकामगार म्हणून महारानें सरकारी निरोप न्यावयाचे, वसुलाबरोबर तालुक्याला जावयाचें, रात्रंदिवस हांकेला हजर राहावयाचें. मोबदला म्हणून जमिनीचा तुकडा, आणि रयतेच्या खळ्यावर जाऊन मागून आणावयाचें बलुतें. राबवून घेणारें सरकार, देणारी रयत, आणि मागणाऱ्याच्या पदरीं अपमान. राजर्षि शाहू महाराजांनीं १९१८ सालीं आपल्या संस्थानांत हें वतन बंद केलें. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं १९२८ सालीं मुंबईच्या कायदेमंडळांत वतनाच्या कायद्यांत दुरुस्ती सुचविणारें विधेयक मांडलें. त्या लढ्याचा एक गाभा हाच होता, कीं जो काम घेतो त्यानेंच पगार द्यावा. पुढें १९५८ च्या कायद्यानें मुंबई राज्यांतलीं असलीं वतनें संपलीं. त्या अन्यायाची आणि आजच्या वाढप्याच्या स्थितीची बरोबरी करावयाची नाहीं. तो जन्माला चिकटलेला होता, हा तसा नाहीं. परंतु मोबदल्याचा सांगाडा ओळखीचा आहे, आणि ज्या शहरानें तो एकदां मोडलेला पाहिला, त्यानें तो दुसऱ्या वेषांत ओळखावयास हवा.

हा सांगाडा पुरता वाढला तर काय होतें, याचें उदाहरण अमेरिकेंत आहे. तेथील यादवी युद्ध १८६५ सालीं संपल्यावर गुलामगिरींतून सुटलेल्या अनेक कृष्णवर्णीयांना पुलमन कंपनीच्या आगगाड्यांतील शयनडब्यांवर नोकऱ्या मिळाल्या. पगार तुटपुंजा, आणि भिस्त प्रवाशांच्या बक्षिसीवर. पुढें १९६६ सालीं कायद्यानेंच मालकाला मुभा दिली, कीं नोकराला बक्षिसी मिळत असेल तर ती किमान वेतनाच्या कांहीं भागाबद्दल धरावी. तेथील केंद्रीय किमान वेतन २००९ पासून ताशीं ७ डॉलर २५ सेंट आहे. पण बक्षिसी मिळविणाऱ्या नोकराला मालकानें स्वतः द्यावयाची किमान रक्कम १९९१ पासून २ डॉलर १३ सेंटच राहिली आहे. बक्षिसी धरूनही भरपाई होत नसेल तर उरलेलें मालकानें द्यावें असा नियम आहे खरा. पण तें मागण्याचें धैर्य नोकरानें दाखवावयाचें. कॅलिफोर्नियासारख्या कांहीं राज्यांनीं ही सवलत ठेवलेली नाहीं. उलट फ्रान्समध्यें १९८७ पासून खाद्यपदार्थांच्या छापील दरांतच सेवेचा आकार धरलेला असतो. ब्रिटनमध्यें १ ऑक्टोबर २०२४ पासून बक्षिसीची सर्व रक्कम कामगारांतच वांटली पाहिजे असा कायदा लागू झाला. जपानांत तर बक्षिसीची चालच नाहीं, आणि म्हणून तेथील आदरातिथ्यांत उणें पडलें असें कोणी म्हणत नाहीं.

आपल्याकडे कायद्यानें अमेरिकेची वाट धरली नाहीं, ही समाधानाची गोष्ट आहे. १९४८ चा किमान वेतनाचा कायदा आणि त्याच्या जागीं आलेली २०१९ ची वेतन संहिता, यांपैकीं कशांतही बक्षिसी मिळते म्हणून किमान वेतन कमी देण्याची सवलत नाहीं. सर्वोच्च न्यायालयानेंही २०१६ सालीं एका मोठ्या हॉटेल कंपनीच्या आयकराच्या प्रकरणांत स्पष्ट केलें, कीं गिऱ्हाइकानें दिलेली बक्षिसी मालकाच्या हातून वांटली गेली तरी ती पगार होत नाहीं. मालक तिचा केवळ विश्वस्त असतो.

येथें सेवाशुल्काचा खुलासा करावयास हवा, कारण पुष्कळांच्या मनांत गोंधळ आहे. बिलावर लावलेला वस्तु व सेवा कर सरकारचा असतो. सेवाशुल्क हें सरकारचें नव्हे, तें मालकानें लावलेलें असतें. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानें ४ जुलै २०२२ रोजीं असें ठरविलें, कीं कोणत्याही उपाहारगृहानें तें आपोआप बिलांत घालूं नये; देणें न देणें गिऱ्हाइकाच्या खुषीवर आहे. उपाहारगृहांच्या संघटना न्यायालयांत गेल्या, आणि २८ मार्च २०२५ रोजीं दिल्ली उच्च न्यायालयानें प्राधिकरणाचें म्हणणें उचलून धरलें. त्यावर पुढें अपील झालें. मालकांचें म्हणणें असें, कीं या शुल्कांतून पडद्यामागच्या कामगारांनाही वांटा मिळतो. तें खरें असेल तेथें स्तुत्य आहे. पण तोच पैसा पदार्थाच्या दरांत धरून पगार म्हणून कां देऊं नये, याचें उत्तर त्यांत मिळत नाहीं.

हा भेद नुसता शब्दांचा नाहीं. भविष्यनिर्वाह निधि आणि निवृत्तीच्या वेळचें उपदान यांचा हिशेब पगारावर होतो, बक्षिसीवर नाहीं. शिक्षकाच्या संवयीनें एक उदाहरण फळ्यावर मांडतों. आंकडे कल्पित आहेत. समजा, एका वाढप्याला महिना १३,००० रुपये पगार आणि ७,८०० रुपये बक्षिसी मिळते. उपदानाच्या नियमाप्रमाणें महिन्याचे २६ दिवस धरून दिवसाचा पगार ५०० रुपये. प्रत्येक वर्षाला १५ दिवसांचे ७,५०० रुपये. वीस वर्षांच्या नोकरीचे दीड लाख. हेच ७,८०० रुपये पगारांत मिळाले असते तर दिवसाचा पगार ८०० रुपये, वर्षाचे १२,०००, आणि वीस वर्षांचे दोन लाख चाळीस हजार झाले असते. म्हणजे आपण वीस वर्षें दयाळूपणानें बशींत पैसे ठेवीत राहिलों, तरी त्याच्या म्हातारपणांतले नव्वद हजार कमीच पडले.

मालक म्हणेल, एवढा पगार आणावा कोठून? त्याची अडचण खोटी नाहीं. डाळ, तेल, गॅस, जागेचें भाडें, सर्वच चढलें आहे. पण हिशेब पुढें चालवूं. एका वाढप्याच्या हातून दिवसाला १०० बशा जात असतील आणि प्रत्येक बशीमागें दर ३ रुपयांनीं वाढला, तर दिवसाचे ३०० आणि २६ दिवसांचे ७,८०० रुपये होतात. जो गृहस्थ दहा रुपये खुषीनें बशींत टाकतो, त्याला हे तीन रुपये जड जाण्याचें कारण नाहीं. मात्र वाढलेला दर पगारांतच गेला पाहिजे, आणि गिऱ्हाइकानेंही दर पाहून नाक मुरडतां कामा नये. स्वस्त बशी हवी आणि वाढप्याचें दुःखही पाहवत नाहीं, या दोन गोष्टी एका मनांत फार दिवस नांदत नाहींत.

अलीकडे काळानेंच ही निकड वाढविली आहे. मोबाईलवरून पैसे देण्याची यूपीआय पद्धत २०१६ सालीं आली आणि आतां मिसळीच्या दुकानांतही चौकटींचें चित्र भिंतीवर टांगलेलें असतें. बिलाचा पैसा थेट मालकाच्या खात्यांत जातो. हातांत मोड येत नाहीं, म्हणून बशींत नाणेंही पडत नाहीं. कोणाचा कंजूषपणा वाढला असें नव्हे, चाल बदलली. ज्याची मिळकत चालीवर उभी होती त्याची ती कोणाच्याही निर्णयावांचून गेली. हक्कावर उभी असती तर गेली नसती.

मग तोंवर आपण काय करावें? पगार सुधारेपर्यंत बक्षिसी बंद करूं नये; द्यावयाची ती शक्यतों रोख, हातांत द्यावी. बिलांत सेवाशुल्क दिसलें तर तें कोणाला मिळतें हें गल्ल्यावर शांतपणें विचारावें. अशा प्रश्नानें कामगाराचें बळ वाढतें. चौदा वर्षांखालील मुलाला हॉटेलांत राबविण्यास २००६ सालापासून बंदी आहे; तसा मुलगा दिसला तर बक्षिसी देऊन सुटूं नये, तक्रार करावी. आणि ज्या दुकानानें दर थोडा वाढवून पगार नीट दिला, तेथें आवर्जून जावें.

शेवटीं एक गोष्ट जिला पैसा लागत नाहीं. शाहू महाराजांच्या कारकीर्दींत, म्हणजे १९२२ पूर्वीं, गंगाराम कांबळे यांनीं महाराजांच्या पाठिंब्यानें याच शहरांत चहाचें दुकान काढलें. दलिताच्या हातचा चहा कोण घेणार, असा तो काळ. महाराज स्वतः तेथें थांबून चारचौघांदेखत चहा घेत, आणि बरोबरच्या मंडळींनाही घ्यावयास लावीत. नुसती मदतच करावयाची असती, तर ती वाड्यावरून पाठवितां आली असती. महाराजांनीं वाढणाऱ्या हाताला मान दिला. 'ए पोऱ्या' म्हणून हांक मारून दहा रुपये फेंकणाऱ्यापेक्षां, 'अहो, जरा पाणी देतां का' असें म्हणून बिलाचे पुरे पैसे देणारा त्या परंपरेच्या अधिक जवळ आहे. वेतन मालकानें द्यावें, मान आपण सर्वांनीं द्यावा. आणि या दोन्हींनंतर मन प्रसन्न झालें, तर बक्षीसही अवश्य द्यावें. मग तें खरोखरीचें बक्षीस होईल.